रेडिओ मेकॅनिकलाच गाइड करा

जुन्या रेडिओ-टीव्हींचं एखादं संग्रहालय मराठवाड्यात असावं, ही चर्चा संग्राहकांच्या बैठकीत, महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून उठते, आणि उठली की हमखास एकाच प्रश्नावर येऊन अडकते. पाहायला येणाऱ्यांना मोकळं फिरू द्यायचं, की सोबत गाइड द्यायचा? मोकळं सोडा म्हणणारे सांगतात, प्रत्येक वस्तूशेजारी क्यूआर कोड चिकटवा, ज्याला हवं तो मोबाइलवर वाचेल, पगारी माणूस कशाला पोसायचा? गाइड हवाच म्हणणारे सांगतात, पोरं बटणं उपटून नेतील, कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे. एका बाजूला गाइड म्हणजे खर्च वाटतो, दुसऱ्या बाजूला पहारेकरी. मांडलेली वस्तू माणसाला नेमकी कशानं कळते, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या संग्रहालयात गाइडसह फेरी हेच मुख्य प्रदर्शन असतं. कपाटं, फलक, कोड हे सगळं तिच्या मागून येतं. आणि ही फेरी त्यांनीच घ्यायला हवी, ज्यांनी हे सेट आयुष्यभर उघडले, सोल्डर केले आणि पुन्हा बोलते केले. असे लोक मराठवाड्यात अजून आहेत, पण बहुतेक जण आता उतारवयात आहेत.

इतर वस्तूंपेक्षा ही वस्तू वेगळी आहे, हे आधी मान्य करावं लागेल. पैठणचा हातमाग बंद असला तरी धोटा कुठून कुठे धावत असेल याचा अंदाज येतो. जात्याचा खुंटा पाहिला की हात कसा फिरत असेल ते कळतं. त्यांचं काम त्यांच्या आकारातच दिसतं. पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ मात्र बंद असताना लाकडी खोका असतो. मागचा पुठ्ठा काढला तरी काचेच्या नळ्या, मेण ओघळलेले कंडेन्सर आणि धुळीनं माखलेल्या तारा यांपलीकडे नवख्याला काही दिसत नाही. त्याचं सगळं काम डोळ्यांआड चालतं. मग असे पन्नास खोके काचेआड ओळीनं मांडून, खाली कंपनीचं नाव आणि साल लिहून आपण नेमकं काय जपलं? फर्निचरच ना?

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत जाऊन पाहा. येणारे बहुतेक जण कोसळणाऱ्या पाण्यासमोर फोटो काढतात आणि निघतात. झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इतक्या लांबून कसं आणलं, त्याला एवढा दाब कसा मिळाला, त्यावर जातं कसं फिरत असे, हे त्या पाण्याकडे नुसतं पाहून कळत नाही. कुणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. उलट हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला काय होतं ते आठवा. दालनं भरून मौल्यवान वस्तू असताना गर्दी जमते ती त्या जुन्या घड्याळासमोर, कारण तासाच्या ठोक्याला त्यातला छोटा दाढीवाला माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो. चालणारं यंत्र माणसाला थांबवतं. त्या थांबलेल्या माणसाला पुढे काय सांगायचं, तिथं गाइडचं काम सुरू होतं.

अशी फेरी कशी असेल? दहा-बारा माणसं एका टेबलाभोवती उभी राहतात आणि गाइड व्हॉल्व्हचा रेडिओ चालू करतो. काहीच होत नाही. मोबाइलवर वाढलेल्या मुलाला वाटतं, हा बिघडलाय. तेवढ्यात गाइड दिवे मंद करून मागच्या बाजूनं दाखवतो: व्हॉल्व्हमधली तार हळूहळू लाल होतेय, ती पुरेशी तापली की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतील, तोवर रेडिओ मुका. अर्ध्या मिनिटानं घरघर येते, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा दिवा, मॅजिक आय, उजळतो, सुई स्टेशनवर नीट बसली की त्याची सावली मिटते. मग गाइड मुलालाच बटण फिरवायला लावतो आणि गँग कंडेन्सरची पानं एकमेकांत शिरताना दाखवतो. पानं सरकतात तसं स्टेशन बदलतं. ‘ट्यूनिंग’ म्हणजे काय, हे त्या मुलाला आता आयुष्यात कुणी वेगळं शिकवायला नको. पुढे बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर उघडायचा, म्हणजे शॉकची भीती नाही, आणि व्हॉल्यूमच्या बटणामागच्या मधल्या पायाला बोट लावायचं. स्पीकरमधून गुणगुण आली तर तिथून पुढचा भाग ठीक, दोष अलीकडे शोधायचा. मीटर हातात घेण्याआधी मेकॅनिक असा अर्धा रेडिओ तपासून मोकळा होई. हे क्यूआर कोडमागच्या व्हिडिओत दाखवता येईल, मान्य. पण तो व्हिडिओ घरबसल्याही पाहता येतो. मग संग्रहालयापर्यंत यायचं कशासाठी?

एखादी फेरी सूर्यास्तानंतर ठेवावी, हाही माझा आग्रह आहे. दिवसा आयनमंडलाचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर रेडिओच्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) शोषून घेतो. अंधार पडल्यावर तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं डायलवर उमटू लागतात. आपल्या आधीच्या पिढ्या रात्री उशिरापर्यंत रेडिओला कान लावून का बसत, याचं अर्धं उत्तर या भौतिकशास्त्रात आहे. आज शहरात एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीत ती केंद्रं बुडतात, तर तेही दाखवावं. हातातला ट्रान्झिस्टर दिव्याजवळ नेला की खरखर वाढते, लांब नेला की कमी होते. आपल्या घरातला अदृश्य गोंगाट ऐकवायला याहून सोपा प्रयोग नाही.

टीव्हीच्या टेबलाशी तर मराठवाड्याचा स्वतःचा इतिहास उभा आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता, रंगीत टीव्ही आपल्या मातीत बनत होता. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या कारखान्यात काम केलेली माणसं आजही शहरात आणि आसपासच्या गावांत राहतात. पिक्चर ट्यूबच्या मानेवर योक (तारेचं वेटोळं) बसवून चित्र सरळ कसं करायचं, तीन रंग एका ठिपक्यावर कसे जुळवायचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. त्यांना बोलवा. त्यांच्या हातानं चालू केलेला टीव्ही एक बारीक शिट्टी घालतो: ६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. फेरीतल्या मुलांना ती ऐकू येते, सोबतच्या आजोबांना बहुधा येत नाही, कारण वयाबरोबर कान वरचे स्वर गमावतो. एकाच टेबलाशी दोन पिढ्या एकच वस्तू वेगवेगळी ऐकतात, आणि तिथून विज्ञानाचा प्रश्न आपोआप सुरू होतो. शेजारी स्टॅबिलायझर ठेवायला विसरू नये. आपल्याकडे व्होल्टेज इतकं वरखाली होई की टीव्हीआधी स्टॅबिलायझरचा काटा पाहायची घराघरात सवय होती. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयात तो अडगळ ठरेल, इथे तो अर्धी गोष्ट सांगतो. १९८४च्या सुमारास दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. त्यांच्या टप्प्याच्या कडेवरच्या गावांत उंच बांबूवर अँटेना चढवून, बूस्टर लावून, ‘आता दिसतंय का’ अशा हाका छपरावरून अंगणात दिल्या गेल्या. म्हैसमाळच्या डोंगरावरचा दूरदर्शनचा टॉवर आणि गावातला तो बांबू यांचं नातं सांगायला माणूसच लागतो.

आता विरोधातले मुद्दे, आणि त्यांतला सगळ्यात वजनदार आधी. जुनी यंत्रं चालवली की झिजतात. जळालेला भाग बदलावा लागतो आणि प्रत्येक बदललेल्या भागाबरोबर मूळ पुरावा कमी होतो. शंभर फेऱ्यांनंतर उरतो तो १९५५चा सेट की १९५५च्या कॅबिनेटमधला आजचा सेट? हा मुद्दा खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्यातला छुपा समज तपासला पाहिजे: बंद ठेवलेला सेट सुरक्षित असतो. तसं नाही. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला वर्षानुवर्षं विजेचा दाबच मिळाला नाही तर त्यातला ऑक्साइडचा थर खराब होतो. विसरलेले सेल फुटून पट्ट्या खातात. टेप रेकॉर्डरचा पट्टा डांबरासारखा चिकट होतो, रबरी तारांचं आवरण तडकून गळतं. कपाटातला सेटही मरतच असतो, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय आपल्याकडचे बहुतेक रेडिओ कारखान्यात ढिगानं बनलेले. घराघराच्या माळ्यावर आणि जुन्या बाजारात त्यांचे जुळे भाऊ अजून सापडतात. एक मॉडेल मिळालं तर ते हात न लावता जपावं. दोन मिळाली तर दुसरं टेबलावर आणावं, त्यात काय बदललं याची वही ठेवावी, काढलेला भाग चिठ्ठी लावून डबीत ठेवावा. जो सेट एकमेव आहे तो चालू करू नये, गाइडनं त्याच्यासमोर उभं राहून तो का चालू करत नाही ते सांगावं.

याच मुद्द्यावर इतिहासातला एक माणूस मदतीला येतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उकलणाऱ्या ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्क या केंद्रासाठी कोलोसस हे गणकयंत्र बांधणारा टॉमी फ्लॉवर्स हा टेलिफोन खात्याचा इंजिनिअर. एवढे व्हॉल्व्ह एकत्र कधी टिकणार नाहीत, असं भल्याभल्यांचं मत होतं. फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवातून ठाऊक होतं की व्हॉल्व्ह बहुतांशी मरतात ते चालू-बंद करताना. सतत चालू ठेवले तर ते टिकतात. नंतरच्या कोलोससमध्ये सुमारे २,४०० व्हॉल्व्ह होते आणि ती यंत्रं चालली. फेऱ्यांचं वेळापत्रक ठरवणाऱ्याला हे माहीत हवं. प्रत्येक तुकडीसाठी पाच सेट चालू-बंद करण्यापेक्षा तापण्याचा प्रयोग एकाच, बळी द्यायला ठेवलेल्या सेटवर करावा आणि बाकीचे एकदा चालू केले की संध्याकाळपर्यंत तसेच ठेवावेत. अशी अक्कल कोडमागच्या मजकुरात नसते; ती हाताळणाऱ्याकडे असते.

सुरक्षेचा मुद्दा मी थोडक्यात निकालात काढतो, कारण तो गाइडच्या विरोधात जातच नाही. काही जुन्या सेटमध्ये चॅसीच, म्हणजे आतली धातूची चौकटच, थेट मेन लाइनला जोडलेली असते. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार बंद केल्यावरही राहतो. सेट मेन लाइनपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, सिरीजमध्ये लावलेला बल्ब, एक हात खिशात ठेवायची शिस्त, हे सगळं जाणणारा माणूस टेबलाशी नसेल तर सेट चालू करूच नये. म्हणजे हा मुद्दा जाणकाराशिवायच्या संग्रहालयाविरुद्ध आहे.

गाइडविरुद्धची खरी तक्रार वेगळी आहे आणि ती वेरूळ, दौलताबाद पाहिलेल्या प्रत्येकाच्या मनात असते. गाइड पाठ केलेलं बोलतात, दंतकथा इतिहास म्हणून खपवतात, आपल्याला रेंगाळायचं असतं तिथून पुढे ढकलतात. बऱ्याचदा ही तक्रार रास्त असते. ज्याला आपल्या वडिलांच्या मर्फी रेडिओसमोर गप्प उभं राहायचं आहे, त्याच्या कानाशी कुणी बडबडू नये. म्हणून फेरी सक्तीची नको. एक दालन मोकळं असावं, तिथं फलकही असावेत आणि क्यूआर कोडही. पण दंतकथेच्या बाबतीत हे संग्रहालय लेण्यांपेक्षा सुदैवी आहे. लेण्यातला गाइड हजार वर्षांपूर्वीच्या राजाबद्दल काही सांगतो तेव्हा ऐकणारा ते तिथल्या तिथे तपासू शकत नाही. रेडिओच्या टेबलाशी गाइड म्हणाला की हा व्हॉल्व्ह काढला तर आवाज जाईल, तर बंद करून तो काढता येतो आणि पाहता येतं. ओस्कर फॉन मिलरनं १९०३मध्ये म्युनिकमध्ये डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय स्थापलं तेव्हा त्यानं हाच आग्रह धरला होता की लोकांनी कळ दाबावी, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावं. पाठ केलेलं बोलणारा गाइड नको असेल तर उपाय सोपा आहे: ज्याला पाठ करायची गरजच नाही असा माणूस घ्या.

आणि इथं वेळेचा प्रश्न येतो. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा निजामकाळातली दप्तरं हाताशी होती, पण त्यांतली मोडी आणि उर्दू वाचायला जाणकार शोधावे लागले. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, हा अनुभव सगळ्यांनी पाहिला. कागद टिकले होते, वाचणारे विरळ झाले होते. काही पिढ्यांपूर्वी गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात जे सहज वाचलं जाई त्यासाठी आज तज्ज्ञ लागतात. व्हॉल्व्हच्या रेडिओचं तेच होऊ घातलंय. सर्किट डायग्राम म्हणजे मोडीतली बखरच. समोर असूनही कळत नाही. कोलोससच्या बाबतीत इंग्रजांनी हा धडा महागात घेतला. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडली, आराखडे जाळले. १९९३मध्ये इंजिनिअर टोनी सेल यांनी ते पुन्हा उभारायचं ठरवलं तेव्हा हाताशी मोजके फोटो, इंजिनिअरांनी जपून ठेवलेले सर्किटचे तुकडे आणि हयात असलेल्यांच्या आठवणी होत्या. काम २००७मध्ये पूर्ण झालं. आठवणी सांगणारे उरले नसते तर? आपल्या परभणी-नांदेड-लातूरच्या बाजारपेठेतल्या मेकॅनिकांनी कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. मूळ भाग मिळत नव्हता तेव्हा त्यांनी काय जुळवलं, कोणत्या कंपनीचा कोणता सेट कुठे हमखास बिघडे, हे ते सांगतात तेव्हाच कळतं. ते मराठीत सांगतील, कुणी दखनीत सांगेल. त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावं.

काही जण म्हणतील, मेकॅनिकला तंत्र कळेल, इतिहास कसा कळणार? तो अभ्यासकानं त्याच्याबरोबर बसून जुळवावा, दोघांनी मिळून फेरी बांधावी. तंत्र आणि इतिहास इथे वेगळे काढताच येत नाहीत. १९४७ साली संस्थानांकडे जी पाच रेडिओ केंद्रं होती त्यांत हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन निजामाची. १७ सप्टेंबर १९४८ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली ती रेडिओवरूनच. त्या दिवशी मराठवाड्यातल्या किती गावांत रेडिओ होता, आणि बातमी पोचायला किती वेळ लागला असेल? उत्तर तंत्रात आहे. व्हॉल्व्हच्या सेटला वीज लागे, नाहीतर जड बॅटरी, आणि बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. टॉर्चच्या सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला तेव्हा कुठे बातमी बांधावर पोचली. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली, लोक शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. म्हणून जुन्या सेटवर शॉर्टवेव्हचा बँड असण्याला एवढी किंमत होती. टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून घ्यायचं रेडिओच्या परवान्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं की फेरीतलं कुणीतरी म्हणतंच, आमच्याकडे होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३मध्ये, हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे ‘हॅम’नी, संपर्काला हातभार लावला. लातूरच्या माणसासमोर हॅम सेट चालू केला तर तो पुढे काय सांगेल, हे कोणता फलक आधी लिहून ठेवणार? चांगला गाइड अशा वेळी थांबतो आणि ऐकतो. विशेषतः बायकांना विचारायला हवं. दुरुस्त करणारे बहुतेक पुरुष होते, पण दुपारभर ऐकणाऱ्या घरातल्या बायका होत्या, आणि त्यांच्या आठवणी अजून कुणी गोळा केलेल्या नाहीत.

राहिला पैसा. माणसांवर उभं राहिलेलं संग्रहालय माणसांबरोबर कोसळतं, ही भीती खोटी नाही. सिॲटलचं लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियम जुनी गणकयंत्रं चालू ठेवून लोकांना वापरू देई. त्यामागचे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन २०१८मध्ये गेले, २०२०मध्ये दारं बंद झाली, २०२४मध्ये ती कायमची बंद असल्याचं जाहीर झालं आणि संग्रहातल्या वस्तू लिलावात निघाल्या. पण तिथं आधार एका धनिकाचा होता. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आयबीएम १४०१ हे १९५९चं यंत्र स्वयंसेवकांनी दुरुस्त केलं, त्यांत निवृत्त इंजिनिअर होते, आणि तेच ते चालवून दाखवतात. आपल्याला यातला दुसरा रस्ता परवडतो. प्रत्येक ज्येष्ठ मेकॅनिकबरोबर आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडचा एक विद्यार्थी जोडावा. पहिलं वर्षभर त्यानं फक्त सोबत उभं राहावं, स्क्रूड्रायव्हर द्यावा, वही लिहावी. दुसऱ्या वर्षी अर्धी फेरी त्यानं घ्यावी. म्हणजे गाइडही तयार होतो आणि दुरुस्ती येणारा माणूसही. मेकॅनिकला सत्कार, शाल-श्रीफळ नको, प्रत्येक फेरीचं ठरलेलं मानधन हवं, आणि ते वेळेवर हवं. इमारतीची वाटही पाहू नये. एखाद्या महाविद्यालयाची रिकामी प्रयोगशाळा, चार टेबलं, एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि रविवारची संध्याकाळ एवढ्यावर पहिली फेरी निघू शकते. जे कुणी अशा संग्रहालयाचा प्रस्ताव आज लिहीत असतील त्यांनी अंदाजपत्रकात काचेच्या कपाटांच्या वरच्या ओळीत मेकॅनिकांच्या मानधनाचा आकडा लिहावा, आणि तो न कापता मंजूर होईल एवढं पाहावं.